फोन उचलून नाही राहिला

“ठेकेदार आता फोनच उचलून नाही राहिला.” परांचीवरून पडलेल्या मजुराची बायको किंवा भाऊ हे वाक्य बोलतो, ते साधारण दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या दिवशी ठेकेदार स्वतः गाडीत घालून सरकारी मेडिकल कॉलेजला नेतो, नाहीतर जवळच्या खासगी दवाखान्यात. पाच-दहा हजार भरतो, “काळजी करू नका” म्हणतो. मग डॉक्टर प्लेट टाकावी लागेल असं सांगतात, ऑपरेशनचा आकडा कळतो आणि फोन बंद होतो.

नागपूरच्या हुडकेश्वर, पिपळा, नरसाळा या पट्ट्यात शेतांचे ले-आऊट झाले आणि ले-आऊटवर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. स्लॅब टाकणारी, विटा वाहणारी माणसं मजुरांच्या ठिय्यावरून रोजीनं येतात. त्यांच्या अपघातानंतरची ही टाळाटाळ आपण ‘दिरंगाई’ म्हणून सोडून देतो. मला ती दिरंगाई वाटत नाही. ते माणसाला दुसऱ्यांदा जखमी करणं आहे, आणि आपला कायदाही तिच्याकडे केवळ उशीर म्हणून पाहत नाही.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात २००९ च्या दुरुस्तीनं एक स्पष्ट तरतूद आली: कामावर झालेल्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा, आणि तोही भरपाईच्या रकमेव्यतिरिक्त. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज. उशिराला वाजवी कारण नसेल तर त्यावर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण व्याज आणि दंडाची चौकट तीच राहिली.

सगळा प्रश्न त्या ‘वाजवी कारणा’त आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव खटल्यात त्याचं उत्तर दिलं. जुलै १९६८ मध्ये एका सिनेमागृहाचं नक्षीकाम करताना सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, हा माझा कामगार नव्हेच, सुटं काम घेणारा कंत्राटदार. शिवाय अपघात त्याच्याच निष्काळजीपणानं झाला. न्यायालयानं सांगितलं, भरपाईचं देणं अपघाताच्या दिवशीच लागू होतं, निकालाच्या दिवशी नाही. सुतार स्वतः जाऊन मागत होता तरी मालकानं दिली नाही, म्हणून निम्मा दंड आणि त्या वेळचं ६ टक्के व्याज कायम राहिलं. एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व न्यायालयानं शंभर टक्के धरलं. पन्नास वर्षं झाली, तरी मालकाची तीच दोन उत्तरं आजही ऐकू येतात.

‘तो ठेकेदाराचा माणूस’ हे उत्तर तर बिल्डरला चालतच नाही. बांधकाम हाच ज्याचा धंदा, त्यानं ठेकेदाराच्या मजुराचीही भरपाई द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. स्वतःचं घर बांधून घेणाऱ्या साध्या घरमालकाची गोष्ट वेगळी. तिथे सहसा ठेकेदारच मालक ठरतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये उशिराच्या दंडापुढचं पाऊल टाकलं. जखमी कामगाराचा दावा विमा कंपनीनं बदनीयतीनं हाताळला, तर भरपाई कायद्याच्या बाहेर जाऊन त्या वागणुकीबद्दल स्वतंत्र दावा लावता येतो, असं ते म्हणालं. आपल्याकडे मजुराच्या हातात तो दंडच आहे. १९९७ च्या वेदप्रकाश गर्ग निकालात सर्वोच्च न्यायालयानं मोटार विम्याच्या संदर्भात सांगितलं की भरपाई आणि व्याज विमा कंपनी देईल, दंड मात्र मालकानं खिशातून भरायचा, कारण चूक त्याची आहे. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. चुकीची किंमत विम्यावर ढकलता येत नाही.

आकड्यावरून वाद घालायला कोणाची ना नाही. अपंगत्व ३० टक्के की ४०, हे कोर्टात ठरू दे. पण माणूस आपल्याच साइटवर पडला हे माहीत असताना उपचाराचे पैसे अडवायचे, आणि घरचे हतबल झाले की वीस हजार आणि स्टॅम्प पेपर पुढे करून ‘पुढे काही मागणार नाही’ अशी सही घ्यायची, ही वागणूक माझ्या लेखी अक्षम्य आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातलच ठरतो. ती सही कितीही साक्षीदारांसमोर झालेली असो.

कायद्यात मला एक मोठी खोट दिसते. उपचाराचा ‘प्रत्यक्ष खर्च’ मिळतो, म्हणजे आधी खर्च करा, मग मागा. रोजीवरच्या माणसानं तो कुठून करायचा? मंगळसूत्र गहाण पडतं, नाहीतर ऑपरेशन राहून जातं आणि हाड वाकडं जुळतं. जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम मालकानं वाद मिटण्याआधीच द्यायची, अशीही तरतूद आहे. कामगार न्यायालयांनी तिचा आधार घेऊन उपचाराचे पैसे पहिल्या महिन्यातच द्यायला लावले पाहिजेत.

हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असते, म्हणून तिथलं चित्र थोडं बरं. पण मालकानं पगारातून वर्गणी कापून ती भरलीच नाही, तर तो फौजदारी न्यासभंग आहे. तिथे प्रकरण थेट पोलीस ठाण्याचं होतं.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट, जी ठेकेदाराला आधीच ठाऊक असते. अपघात विभागात केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, कसा पडला? जखमी माणूस बेशुद्ध किंवा कण्हत असतो, उत्तर सोबतचा माणूस देतो. त्या कागदावर ‘घरी जिन्यावरून’ असं लिहिलं गेलं, तर पुढे कोर्टात पहिलं भांडण त्या दोन शब्दांशी होतं. म्हणून त्या रात्री खाटेजवळ घरचं माणूस हवं, आणि साइटचा पत्ता त्यानंच सांगायला हवा.