कीड सोसणारा भुईमूग : व्यापाऱ्यांनीच पुढे यावे

भुईमूग बाजारात आला की आपले व्यापारी बंधू आधी दाणा किती टपोरा आहे ते पाहतात, मग ओल, मग शेंगांत दाण्याचा उतारा. मालावर फवारण्या किती झाल्या हे मात्र कोणी विचारीत नाही. विचारावयास हवे, असे आमचे मत आहे. कारण तो खर्च शेवटी आपल्याच खरेदीच्या भावात येऊन बसतो.

मावा, तुडतुडे, पाने पोखरणारी अळी, जमिनीत हुमणी. या पिकाला शत्रू कमी नाहीत. फुलकिडे रस शोषतात ते वेगळेच, पण शेंडेमर रोगाचा विषाणूही पसरवितात आणि रोग लागलेल्या झाडावर मग कोणतेही औषध चालत नाही. किडीने शेंग पोखरली की बुरशीला वाट मिळते व दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. युरोपात थेट खाण्याच्या दाण्यात किलोला एकूण 4 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन चालत नाही. निर्यातीचा माल नाकारला गेला की हे सारे आठवते!

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना येथे 1976 साली 'एनसी 6' हा वाण निघाला. जमिनीत शेंगा पोखरणाऱ्या अळीला तो टिकला आणि त्याचा दाणाही मोठा होता. प्रतिकारक वाण म्हणजे बारीक दाणा, हा आपल्याकडील समज तेथेच खोटा ठरतो. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेनेही अनेक किडी सोसणारा 'आयसीजीव्ही 86031' तयार केला. पानांवर लांब, दाट लव असलेल्या वाणांवर तुडतुडे कमी टिकतात, हेही संशोधनात दिसले आहे. फवारणी अजिबात लागणार नाही असे नव्हे. नुकसान व खर्च कमी होतो, एवढेच.

मग अडते कोठे? बियाण्यात. हेक्टरी 100 किलो किंवा त्याहून जास्त बी लागते, आणि हाती येते ते साधारण आठ-दहा पट. त्यातून शेतकरी पुढे घरचेच बी पेरतो. एवढ्या थोड्या नफ्यासाठी खासगी बियाणे कंपनी कशाला धडपडेल? सरकारी केंद्राचा चांगला वाण मग केंद्राच्याच आवारात राहतो.

तेल गिरणीवाले, अडते व निर्यातदार यांनी एकत्र येऊन कृषी विद्यापीठाकडून पायाभूत बियाणे घ्यावे, ओळखीच्या पाच-दहा शेतकऱ्यांकडे बीजोत्पादन करावे आणि त्या मालाला क्विंटलमागे चार पैसे जादा देण्याची लेखी हमी द्यावी. बियाण्याची मागणी पेरणीच्या बऱ्याच आधी नोंदवावी लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे.