हलकी सॅक, काळा कातळ

सध्या ट्रेकवाल्यांच्या गप्पांत एकच फंडा आहे : अल्ट्रालाइट! खाणं, पाणी आणि इंधन सोडून पाठीवरचं सगळं सामान साडेचार किलोंच्या आत बसवायचं. पाचशे ग्रॅमची सॅक, कागदासारखा तंबू आणि दांडा कापलेला टूथब्रश. ऐकायला सॉलिड! पण हा फंडा वाढला अमेरिकेतल्या लांबलचक, आखलेल्या पायवाटांवर. आपल्याकडे बाभूळ आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत आणि बसाल्ट आहे. तोच तो देवगिरीचा काळा कातळ, ज्यावर टेकत-घसरत उतरलं की पँटची सीट पार पॉलिशपेपरवर घासल्यासारखी होते.

गेल्या दिवाळीनंतर नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. कातळटप्प्यावर सॅक दोरीने वर ओढाव्या लागल्या. ग्रुपमधल्या एकाची नवीकोरी, भलतीच महागडी सॅक वर पोचली तेव्हा तिचा तळ उघडा पडला होता आणि स्लीपिंग बॅग कुठे खाली गेली, पत्ता नाही. कोकणकड्यावरचा रात्रीचा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना पुढचं सांगायला नको. दोघांनी एकच बॅग आळीपाळीने वापरली. पहाटेपर्यंत पठ्ठ्याचे दात वाजत होते.

सॅकच्या लेबलवर ‘डेनिअर’ लिहिलेलं असतं, ते बघायची सवय लावा बॉस. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. मूळ माप रेशमाचं, त्यामुळे हिमरू-पैठणीच्या मुलखातल्या आपल्याला ते परकं वाटायला नको! ३० डेनिअर तंबूला चालतं, सॅकच्या तळाला नाही. तिथे मी २१०च्या खाली जात नाही. आणि ‘रिपस्टॉप’ म्हणजे फाटणारच नाही असं नव्हे. त्यात ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, त्यामुळे फाटलेलं पुढे पसरत नाही, इतकंच. काटा भोक पाडायचं ते पाडतोच.

मग वजन कमी करायचं कुठे? १९५५मध्ये एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या आजी (अकरा मुलांची आई!) तीन हजारांहून जास्त किलोमीटरची अ‍ॅपलेशियन ट्रेल एकट्या चालल्या. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची झोळी, पावसासाठी बाथरूमचा पडदा. डेनिम काही हलकं नसतं, पण झोळीत फारसं काही नव्हतंच. मला हे जाम पटतं. आधी सामान गाळा, कापडाची जाडी सगळ्यात शेवटी. जाडजूड स्टीलच्या बाटल्यांऐवजी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या तरी अर्धा किलो सहज सुटतो. मराठवाड्यातल्या उन्हात माणशी तीन लिटर पाणी लागतंच, म्हणजे तीन किलो. त्यात कात्री लावायची नाही!

त्या सॅकला शेवटी पैठण गेटजवळच्या एका चाचांकडे जाड कापडाचा तळ लावून घेतला. ‘‘इत्ता पतला कपडा? सुई का छेद भी बडा पडता,’’ चाचा वैतागले. मग बारीक सुई, लांब टाके आणि शिवणीवर आतून पट्टी. वजन वाढलं जेमतेम सत्तर ग्रॅम.

आणि हो, सॅक धुतली की सावलीतच वाळवा. आपल्या मे महिन्यातल्या गच्चीवर नायलॉन नुसतं उन्हानेच कुजतं. ओलसर सॅक माळ्यावर कोंबलीत, तर आतलं कोटिंग चिकट होऊन सोलपटतं, मग ती कितीही डेनिअरची असो.