नळ घरात, सांडपाणी ओढ्यात

काटेपूर्णा नदी वाशिम तालुक्यातल्या काटा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते. पुढे अकोला जिल्ह्यात ती महानच्या धरणात अडते आणि अकोला शहर तिचे पाणी पिते. अडाण आणि अरुणावती या नद्याही वाशिम जिल्ह्यातल्याच. त्या यवतमाळच्या वाटेने पैनगंगेला मिळतात. दक्षिणेकडचा पैनगंगेचा काठ सोडला तर वरून पाणी आणून देणारी मोठी नदी या जिल्ह्याला नाही. तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर तो वसला आहे. इथून जे वाहते ते दोन्हीकडे जाते आणि खालच्या गावांच्या घशात उतरते. त्यामुळे इथल्या सांडपाण्याचा खर्च इथल्याच ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी सोसावा, असे म्हणून कुणालाही हात झटकता येणार नाहीत.

केंद्राने 15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशन जाहीर केले. माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने घरात, हे त्याचे उद्दिष्ट. देशभराचा अंदाजित खर्च 3 लाख 60 हजार कोटी रुपये होता आणि नळ नसलेली ग्रामीण घरे होती सुमारे 14 कोटी 60 लाख. भागाकार केला तर घरामागे 24 हजारांहून अधिक रुपये पडतात. हा पैसा योग्यच होता. उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावणाऱ्या बायांना विचारा, त्या हेच सांगतील.

पण घरात आलेले पाणी घरात राहत नाही. त्यातले साधारण 80 टक्के न्हाणीतून आणि मोरीतून बाहेर पडते, असे अभियंते धरतात. 3 हजार वस्तीच्या गावात हे रोजचे 1 लाख 32 हजार लिटर झाले, म्हणजे 10 हजार लिटरचे तेरा टँकर. या पाण्यासाठी स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 280 रुपये ठरले, तेही एकदाच. पाच माणसांच्या घराला 1,400 रुपये. पाणी आणायला 24 हजार आणि ते निस्तरायला 1,400, ही तफावत नियोजनातच आहे.

मग गावात काय होते? नाली बांधली जाते. सिमेंटची नाली दिसते, मोजता येते, तिचे बिल निघते. पण नाली पाणी शुद्ध करत नाही, फक्त पुढे ढकलते. एका घरासमोरची घाण दुसऱ्याच्या दारात आणि शेवटी ओढ्यात जाते. वाटेत नळाची जलवाहिनी या नालीच्या पोटातूनच गेलेली असते. पुरवठा दिवसातून तासभर, कधी दिवसाआड. बाकी वेळ वाहिनी रिकामी. पंप बंद झाला की जिथे जोड सैल असेल तिथून ती बाहेरचे पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिल्या हंड्याला वास येतो. गावकरी ते पाणी ओतून देतात आणि दुसरा हंडा भरतात. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते ती याच वाटेने.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने वेगळा मार्ग धरला. नाल्यांऐवजी घरोघरी शोषखड्डे घेतले. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, वर झाकण. पाणी साचेना, तसे डास हटले. या कामाला रोजगार हमीतून पैसा मिळतो. वऱ्हाडातल्या काळ्या चिकण मातीत मात्र पाणी सावकाश मुरते. तिथे खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो, विहीर आणि हातपंपापासून दूर घ्यावा लागतो आणि टाकीतला गाळ वेळच्या वेळी काढावा लागतो. त्या गाळ काढणाऱ्या माणसाच्या मजुरीची तरतूद कुठल्याच अंदाजपत्रकात ठळक दिसत नाही.

शहरांची गोष्ट आणखी कठीण. एकबुर्जी धरणाचे पाणी पिणाऱ्या वाशिमची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 78 हजारांच्या घरात होती. 2015 ची पहिली अमृत योजना मुख्यतः लाखावरच्या शहरांसाठी होती. अकोला, यवतमाळ तिच्यात बसले, वाशिम बाहेर राहिले. माणशी 70 लिटर पाणी धरले तरी या शहरातून रोज 40 लाख लिटरहून अधिक सांडपाणी निघते. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या शहरी स्वच्छ भारत 2.0 ने लाखाखालच्या शहरांच्या सांडपाण्याला प्रथमच स्वतंत्र जागा दिली. उशिरा का होईना, हे बरे झाले.

मोठी शहरे फार पुढे आहेत असेही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज 910 कोटी लिटर सांडपाणी तयार होते. प्रकल्पांची क्षमता 689 कोटी लिटरची, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे 424 कोटी लिटरवर. बांधलेल्या प्रकल्पांचाही मोठा भाग रिकामा, कारण सांडपाणी तिथवर नेणारे जाळे अपुरे, आणि चालवायला वीजबिल लागते. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्याला 12 हजार कोटींची भरपाई ठोठावली ती मुख्यतः याच हलगर्जीपणासाठी.

नागपूरने थोडी वाट दाखवली आहे. तिथे भांडेवाडीत प्रक्रिया केलेले पाणी महानिर्मितीच्या वीजकेंद्राला विकले जाते. वाशिमजवळ तसे मोठे गिऱ्हाईक नाही. पण शेतकरी आहे, आणि रब्बीत हरभऱ्याला एक पाणी कमी पडले तर काय होते हे त्याला ठाऊक आहे.

वाशिम 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्याला सांडपाण्यासाठी माणशी इतरांइतकाच दर लावणे अन्यायाचे आहे. नव्या बांधकामाइतकाच दुरुस्तीला, पंपचालकाच्या पगाराला आणि वीजबिलाला दरवर्षी हक्काचा निधी मिळायला हवा, आणि जिल्हा नियोजन समितीने तो मागायला हवा.

पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. तुमच्या गावात त्यातला किती सांडपाण्यावर खर्च झाला आणि किती नुसत्या नालीवर, हे येत्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.