बोलण्याजोगी जागा

मनावर आघात झालेल्या माणसाला आपण सहज सांगतो, ‘मोकळेपणाने बोल.’ परंतु त्याने कोठे बसून बोलावे, हा विचार क्वचितच आपल्या मनात येतो.

बंगळूरच्या व्हाइटफील्ड भागात दोन खोल्यांच्या घरात राहणारी एखादी मराठी सून डोळ्यांपुढे आणा. अपघातात जिवलग माणूस गमावल्यापासून तिची झोप उडाली आहे. रहदारीतून दूरच्या दवाखान्यात जाणे होत नाही, म्हणून ती घरूनच मोबाइलवर समुपदेशकाशी बोलते. पलीकडच्या खोलीत सासूबाई बसलेल्या. मध्येच दारावरची घंटा वाजते. नेमून दिलेला तास संपतो आणि सांगावयाचे ते ओठांवरच राहते. यात दोष ना समुपदेशकाचा, ना सासूबाईंचा. उणीव आहे ती जागेची.

आघात सोसलेले मन सदैव धोक्याची चाहूल घेत असते. पाठीमागे कोण आहे, दार कोठे आहे, आपले बोलणे बाहेर ऐकू जाते काय, याकडेच त्याचे अर्धे लक्ष असते. जागा निर्धोक वाटली, तरच ते लक्ष बोलण्याकडे वळते.

मात्र एकच जागा सर्वांना मानवेल असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर कित्येकांना छपराखाली पाठ टेकण्याचीही धास्ती वाटे. एकाला आधार देणारी बंद खोली दुसऱ्याचा जीव घुसमटवते. म्हणून ‘कोठे बसू या?’ हे ज्याचे त्यालाच विचारावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानेही पीडित बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेण्याची तरतूद केली आहे. जबाब घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने त्या वेळी गणवेशात नसावे, असेही त्यात म्हटले आहे.

घरच्यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. त्या तासापुरती मुलांना बागेत न्यावे, खोलीचे दार ओढून घ्यावे, कडी मात्र तिच्याच हाती ठेवावी. ती बाहेर आल्यावर ‘काय बोललीस?’ असे विचारू नये; चहाचा पेला पुढे करावा. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, पण निवांत कोपरा देणे हे आपल्याच हाती आहे.