अर्ध्यावर नोकरी सोडायची का? आधी विचारा, प्रकल्प कुणाचा!

वागळे इस्टेट, ऐरोली, घोडबंदर रोड इथल्या कंपन्यांत कामाला जाणारे वर्तकनगरचे तरुण-तरुणी सध्या एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. दुसरीकडून ऑफर आली आहे, पगार वाढतो आहे, कामही चांगलं आहे. पण हातातला प्रोजेक्ट अर्ध्यावर आहे. सोडायचं की थांबायचं?

थोडं खोलात शिरलं की खरी अडचण बाहेर येते. बॉस रागावेल ही भीती फार मोठी नसते. मोठी भीती असते ती वेगळी : "आपल्या माणसाने काम अर्ध्यावर टाकलं असं म्हणतील. पुढच्या वेळी आपल्यातल्या कुणाला घेताना दहा वेळा विचार करतील."

ही भीती खोटी नाही आणि ती या मुलांच्या मनाची कमजोरीही नाही. शेजारच्या टेबलावरचा सवर्ण सहकारी नोकरी बदलतो तेव्हा त्याला 'करिअर ग्रोथ' म्हणतात, केक कापून निरोप देतात. आपला मुलगा तेच करतो तेव्हा "यांना जबाबदारीची जाणीव नसते" असं बोललं जातं. एकाचा निर्णय हा त्याचा एकट्याचा निर्णय असतो, दुसऱ्याचा निर्णय मात्र अख्ख्या समाजाच्या खात्यावर जमा होतो. जात ऑफिसात अशीच काम करते. म्हणून आमचं पहिलं म्हणणं हे आहे की, समाजाच्या अब्रूचं ओझं खांद्यावर घेऊन हा निर्णय करू नका. ज्यांनी ते ओझं लादलं, त्यांनी त्याचा हिशेब द्यावा.

निष्ठेच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आम्ही ठाण्याचाच इतिहास आठवून देऊ. वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. वागळे इस्टेट आणि पोखरण रोडच्या पट्ट्यात आमच्या आधीच्या पिढीने मशीन चालवली. पुढे एकामागून एक कारखाने बंद झाले आणि त्या जागांवर टॉवर, मॉल, काचेची ऑफिसं उभी राहिली. तेव्हा कामगाराचं घर, मुलांचं शिक्षण, लेकीचं लग्न हे सगळं अर्ध्यावरच होतं. भांडवल आपल्या सोयीने जागा बदलतं, त्याला कुणी बेइमान म्हणत नाही. मग इमानदारीची परीक्षा फक्त पगारदाराचीच का?

पण याचा अर्थ उठसूट राजीनामा फेका, असा नाही. आपल्यातले काही उत्साही मित्र म्हणतात, "बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाला लाथ मारली, तू एवढी नोकरी सोडू शकत नाहीस?" हे बोलणं टाळ्यांचं आहे, अभ्यासाचं नाही. बाबासाहेबांनी नोकऱ्या आणि पदं कशी सोडली, हे नीट वाचलं तर वेगळंच शिक्षण मिळतं.

१९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. करारामुळे बडोदा संस्थानात नोकरी धरली. तिथे राहायला जागा मिळेना, पारशी सराईतून हाकललं गेलं, आणि त्यांना शहर सोडावं लागलं. हे सोडणं निवडलेलं नव्हतं, जातीने लादलेलं होतं. दुसरं सोडणं पाहा. नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापक होते. त्या काळात हा पगार केवढा! तरी १९२० साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि लंडन गाठलं. पण कसं? पगारातून काटकसरीने पैसे बाजूला टाकून, शाहू महाराजांची मदत घेऊन, नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपयांचं कर्ज काढून. पुढे १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळाली.

इथे आमचा मुद्दा आहे. १९२० मध्ये अर्ध्यावर पडलेला प्रकल्प कोणता होता? कॉलेजची नोकरी, की लंडनचा अभ्यास? बाबासाहेबांचा स्वतःचा प्रकल्प तीन वर्षं खोळंबला होता आणि नोकरी हे तो पूर्ण करण्याचं साधन होतं. तरुणांनो, हाच प्रश्न स्वतःला विचारा. कंपनीचा प्रोजेक्ट अर्ध्यावर आहे हे तुम्हाला दिसतं. तुमचं अर्ध्यावर राहिलेलं शिक्षण, स्पर्धा परीक्षा, आईवडिलांचं घर, हे कुणाच्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये आहे?

तिसरं सोडणं १९५१ चं. कायदामंत्री म्हणून त्यांना अनेक गोष्टी खुपत होत्या. अर्थशास्त्राचा एवढा अधिकार असून नियोजन खातं मिळालं नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांतून बाहेर ठेवलं गेलं, मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला गेला नाही. आज ज्यांना फक्त टेस्टिंग आणि सपोर्टचं काम मिळतं, निर्णयाच्या मीटिंगला बोलावलं जात नाही, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तरी बाबासाहेब लगेच बाहेर पडले नाहीत. आधी संविधानाचं काम होतं. नंतर हिंदू कोड बिलासाठी ते थांबले. तब्येत साथ देत नव्हती, म्हणून १० ऑगस्ट १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून बिल १६ ऑगस्टला घ्या आणि १ सप्टेंबरपर्यंत संपवा, अशी तारखेनिशी मागणी केली. अख्खं बिल होत नसेल तर निदान विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी होऊ द्या, इथपर्यंत तडजोड केली. जेमतेम चार कलमं मंजूर झाली आणि बिल गुंडाळलं गेलं. तेव्हा, २७ सप्टेंबरला, त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतरही अधिवेशन संपेपर्यंत थांबण्याची विनंती मान्य केली, आणि जाण्याची कारणं लेखी मांडली. निवेदनाची प्रत आधी मागून सभागृहात अडवणूक झाली, तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं.

यातून कसोटी मिळते. ज्या कामासाठी आपण थांबलो, ते पूर्ण होण्याची शक्यता अजून आहे का? असेल, आणि त्या कामात आपलं नाव, आपलं शिक्षण, समाजाचं हित असेल, तर चार महिने थांबण्यात कमीपणा नाही. पण तारीख ठरवा, ती लेखी कळवा. त्या तारखेलाही काही हललं नाही, तर तुम्ही काम सोडत नाही. काम मारणाऱ्यांची सोबत सोडता. आणि काम एका माणसाबरोबर संपत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला, वारसा कायदा १९५६ साली. पाया कुणी घातला, हे इतिहास विसरला नाही.

आता व्यवहाराचं. राजीनाम्याआधी नेमणूकपत्र पुन्हा वाचा. नोटीस पीरियड किती, बाँड आहे का, किती रकमेचा? बाँड म्हणजे नुसता कागद, असं समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशेब करा. नवं नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय, तोंडी शब्दावर, राजीनामा देऊ नका. आपल्या घरात बहुतेकदा एकाच पगारावर सगळं चालतं. मधले दोन महिने सांभाळणारा वडिलोपार्जित फ्लॅट आपल्यामागे नसतो. कामाची माहिती पुढच्या माणसाला नीट लिहून द्या, त्या ईमेलची नोंद ठेवा. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला मागून घ्या, पीएफचं खातं तपासा.

आणि जाताना तुमच्या जागी आपल्यातल्या एखाद्या होतकरू मुलामुलीचं नाव सुचवा. कंपन्यांत ओळखीवर माणसं घेतली जातात. त्या ओळखी पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या होत्या, हे सांगायला नको. नोकरी बदलणाऱ्याने मागे एक दार उघडं ठेवलं, तर "यांनी अर्ध्यावर सोडलं" म्हणणाऱ्यांना त्याहून चांगलं उत्तर नाही.

जय भीम!