खेळाडूंचा आक्षेप पोरकट नव्हता

पदरचे पैसे मोजून खेळ विकत घेणाऱ्याने त्यातील उणीव दाखविली, की त्यालाच 'रडका', 'हट्टी' आणि 'कृतघ्न' ठरवून मोकळे व्हायचे, अशी एक सोयीस्कर रीत व्हिडिओ गेमच्या व्यवसायात रूढ झाली आहे. या रीतीचा बोलका नमुना मार्च २०११ मध्ये पाहावयास मिळाला. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेचा 'ड्रॅगन एज २' हा खेळ त्या महिन्यात बाजारात आला. त्यावर खेळाडूंनी टीकेची झोड उठविली आणि 'नावीन्य न पचणाऱ्यांचा थयथयाट' म्हणून त्या टीकेची संभावना करणारे विद्वानही तत्काळ पुढे सरसावले. थयथयाट होताच; पण तो निराधार होता काय?

या प्रकारच्या अद्भुतरम्य खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. त्याने घेतलेल्या निर्णयांनी कथेला वळण लागते. सिनेमा तीन तासांत संपतो, असा खेळ मात्र पन्नास-साठ तास माणसाला सोबत करतो. म्हणूनच त्याच्या उत्तरभागाकडून असलेली अपेक्षा ही केवळ करमणुकीची अपेक्षा राहत नाही. पहिला भाग 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' २००४ मध्ये घोषित झाला आणि २००९ च्या नोव्हेंबरात प्रकाशित झाला. मानव, एल्फ वा बुटका यांपैकी कोणत्या कुळात जन्म घ्यावा, हे खेळाडूने ठरवायचे. आरंभीच्या कथाही एक-दोन नव्हे, सहा. उत्तरभाग आला तो अवघ्या सोळा महिन्यांनी! पाच वर्षे मुरलेल्या लोणच्याची चव सोळा महिन्यांच्या घाईत कशी उतरावी?

घाईच्या खुणा लपविताही आल्या नाहीत. कर्कवॉल या एकाच नगरीत जवळजवळ सगळी कथा कोंबलेली. गुहा म्हणून जी दाखविली जाई, तीच गुहा दुसऱ्या प्रसंगी दुसऱ्या नावाने पुन्हा समोर येई. फरक इतकाच, की मागल्या खेपेस उघडे असलेले दार या खेपेस दगडी भिंतीने बुजविलेले असे. नकाशावर मात्र बुजविलेल्या भागाची आकृती तशीच दिसत राही. शत्रूची एक तुकडी गारद करावी, तर दुसरी आकाशातून टपकावी. मग आखलेल्या व्यूहाला अर्थ तो काय उरला? सोबत्यांची चिलखते बदलण्याची मुभा गेली. कूळ निवडण्याचा अधिकार गेला. नायक हॉक हा मानवच असणार, हे कंपनीने परस्पर ठरवून टाकले. शिळ्या कढीला ऊत आणून ती नव्या पातेल्यात वाढली, एवढाच त्या गुहांचा अर्थ होता आणि तो पहिल्या दहा तासांत कोणाच्याही ध्यानात येत होता.

खेळात काहीच चांगले नव्हते, असे नाही. एका सामान्य निर्वासित कुटुंबाची कथा सांगण्याचे धाडस त्यात होते. व्हॅरिक आणि अ‍ॅव्हलिन ही पात्रे आजही आठवणीने सांगितली जातात. हे गुण खेळाडूंनीही मान्य केले होते. त्यांचे म्हणणे इतकेच होते, की लेखक-चित्रकारांकडे कसब असताना त्यांना पुरेसा अवधी दिला गेला नाही.

'मेटाक्रिटिक'वर पीसी आवृत्तीला समीक्षकांनी सरासरी शंभरांपैकी ऐंशीच्या घरात गुण दिले. खेळाडूंचे गुण दहांपैकी पाचाच्याही खाली राहिले. त्यातच बायोवेअरच्या एका कर्मचाऱ्याने सामान्य ग्राहकाचा वेष घेऊन आपल्याच खेळाला पैकीच्या पैकी गुण बहाल केल्याचे उघड झाले. मालक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने खेद व्यक्त करण्याऐवजी त्याचे समर्थन केले. निवडणुकीतील उमेदवारही स्वतःला मत देतोच की, असा युक्तिवाद झाला. उमेदवार आपले नाव लपवून मतदारांना उपदेश करीत नाही, एवढा साधा भेदही या मंडळींना उमगू नये?

खेळाडूंच्या बाजूचे सारेच निष्पाप होते, असे मात्र मुळीच नव्हे. २०१२ मध्ये याच संस्थेतील एका लेखिकेवर तिच्या काही वर्षांपूर्वीच्या मुलाखतीवरून अर्वाच्य शिव्यांचा वर्षाव झाला. तो निंद्यच होता. परंतु त्या शिवीगाळीकडे बोट दाखवून हजारो सभ्य आक्षेपांना केराची टोपली दाखविणे, हा निव्वळ कावा झाला.

आक्षेप खरे होते याचा पुरावा पुढे खुद्द बायोवेअरनेच दिला. तिसऱ्या भागात, २०१४ च्या 'इन्क्विझिशन'मध्ये, विस्तीर्ण प्रदेश आले, कुळांची निवड परतली, आणि 'द गेम अवॉर्ड्‌स'मध्ये तो वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. पण धडा टिकला नाही. चौथा भाग मध्यंतरी अनेकांनी एकत्र खेळण्याच्या साच्यात ओतला गेला, नंतर पुन्हा एकट्याच्या खेळाकडे वळविला गेला आणि 'द व्हेलगार्ड' या नावाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अवतरला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीनेच सांगितले, की खेळाडूंची संख्या सुमारे १५ लाख, म्हणजे अपेक्षेच्या जवळजवळ निम्मीच राहिली. त्यावर प्रमुखांचे निदान काय, तर खेळाडूंना 'सामायिक जगा'ची वाढती ओढ आहे! नोकऱ्या मात्र गेल्या त्या कारागिरांच्या.

या निदानाला उत्तर बेल्जियममधील गेंट शहरात आधीच तयार होते. १९९८ आणि २००० मध्ये ज्या 'बाल्डर्स गेट'ने बायोवेअरला नाव मिळवून दिले, त्याचा तिसरा भाग लारियन स्टुडिओजने केला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा केवळ पहिला अंक खेळाडूंच्या हाती देण्यात आला, तोही पूर्ण किमतीला. हा लारियनच्याच जुन्या 'डिव्हिनिटी'चा नवा अंगरखा आहे, अशी बोचरी टीका झाली. जिकडेतिकडे जमीन पेटते, ही तक्रार आली. जादूच्या साध्या प्रयोगांनी जमीन पेटणे बंद करण्यात आले. असे जवळजवळ तीन वर्षे चालले. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण खेळ आला तेव्हा स्टीमवर एकाच वेळी ८ लाख ७५ हजारांहून अधिक लोक तो खेळत होते. चौघांनी मिळून खेळण्याची सोयही त्यात होती, पण सक्ती नव्हती. आत शिरल्यावर खिसा कापणारे दुकानही नव्हते.

दोष तेथेही होतेच. तिसरा अंक अनेकांच्या कॉम्प्युटरवर अडखळत चाले आणि शेवट तुटक वाटे. खेळाडूंनी तेही सुनावले. सर्वाधिक वाहवा होत असताना ते कानांआड करणे सहज शक्य होते. लारियनने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस सहा महिन्यांनंतरच्या भेटीचा एक संपूर्ण उपसंहार विनामूल्य जोडला. मार्च २०२४ मध्ये लारियनचे प्रमुख स्वेन विंके यांनी जाहीर केले, की चौथा भाग आपण करणार नाही. हक्क विझार्ड्‌स ऑफ द कोस्टकडे आहेत. तो कोणाकडे सोपवायचा आणि त्याला किती वर्षे द्यायची, हे आता त्यांनी ठरवायचे आहे.