पडद्यावर न दिसणारं शहर

'हॉटेल मुंबई' (२०१८) पाहिलाय? २६/११ वरचा सिनेमा, पण त्याचं बरंचसं शूटिंग झालं ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये. गोष्ट आपली, जखम आपली आणि सेट ठोकणाऱ्या सुतारांची मजुरी मात्र अ‍ॅडलेडला!

परदेशी युनिट येणार म्हटलं की आपल्याकडे लगेच सुरू होतं, "जगभर नाव होईल, पर्यटक येतील." मला हा हिशोबच उलटा वाटतो.

व्हँकुव्हरचं उदाहरण घ्या. जॅकी चॅनचा 'रंबल इन द ब्राँक्स' (१९९५) घडतो न्यूयॉर्कमध्ये, पण चित्रित झाला व्हँकुव्हरला. त्यामुळे ब्राँक्सच्या मागे चक्क डोंगर दिसतात! हे शहर पडद्यावर बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी शहराचं सोंग घेऊन येतं. आता ते पाहून कोण पर्यटक तिथे जाणार? तरीही लोक त्याला 'हॉलिवूड नॉर्थ' म्हणतात, कारण कमाई पडद्यामागे आहे. युनिट चार महिने मुक्कामाला असलं की हॉटेलवाले, केटरर, ड्रायव्हर, सुतार, शिंपी, लाइटवाले अशा सगळ्यांना काम मिळतं. सिनेमा आपटला तरी त्यांचे पैसे बुडत नाहीत.

हे घडलं कशामुळे? घड्याळ लॉस एंजेलिसचंच, विमानाने जेमतेम तीन तास आणि अमेरिकन डॉलरपेक्षा स्वस्त कॅनेडियन डॉलर. त्यात १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया सरकारने परदेशी निर्मात्यांना करसवलत सुरू केली. त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे ही सवलत प्रांतातल्या माणसांना दिलेल्या पगारावर मोजतात. बाहेरून आणलेल्या हीरोच्या मानधनावर नाही.

आपल्या आयटीवाल्यांना हे मॉडेल ओळखीचं वाटेल. क्लायंट बाहेरचा, मालकी हक्क त्याचे, आपण तास विकायचे. एसटीपीआयची करसवलत २०११ मध्ये संपली तरी पुणे-बंगळूरची कामं उठून गेली नाहीत. एसईझेडचा आडोसा होता, मान्य. पण तोवर माणसंही तयार झाली होती, हे खरं कारण. सवलतीने काम येतं, टिकतं ते हातातल्या कसबामुळे.

धोकेही तेच. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले आणि व्हँकुव्हरच्या लोकांची कामं थांबली. भांडण कुणाचं, घरी कोण बसलं! शिवाय सवलतींचा लिलाव कधी संपत नाही. दुसरं कुणीतरी जास्त देतं, मग आपणही वाढवायचं. ब्रिटिश कोलंबियाने २०२५ पासूनच्या निर्मितींसाठी २८ टक्क्यांचे ३६ केले. हा पैसा शेवटी करदात्याचाच. त्यामुळे 'इतके कोटी आले' एवढं ऐकून टाळ्या वाजवू नयेत. 'त्यासाठी किती दिले?' हेही विचारावं.

भारतही या लिलावात आहेच. २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत केंद्राने जाहीर केलं की परदेशी निर्मितीने इथे केलेल्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत परतावा देणार, कमाल ३० कोटी रुपये. माझं मत विचाराल तर मुंबईने नुसत्या टक्क्यांच्या मागे लागू नये. हॉलिवूड बंद पडलं तरी हातांना काम देणारा स्वतःचा सिनेमा मुंबईकडे आहे. म्हणजे व्हँकुव्हरची सगळ्यात मोठी अडचण आपल्याला नाहीच. आपल्याला हवी आहे ती खात्री. पोलीस, महापालिका, रेल्वे यांची परवानगी कधी मिळणार आणि ती ऐनवेळी फिरणार नाही ना, हे निर्मात्याला आधी कळलं पाहिजे. रोज लाखोंचा मीटर चालू असताना एक बुडालेला दिवस त्याला कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त बोचतो.

आणि परतावा द्यायचाच, तर तो इथल्या माणसांच्या पगारावर मोजा. मग मुंबई पडद्यावर मुंबई म्हणून दिसो, कराची म्हणून दिसो, नाहीतर दिसूच नये. गोरेगावच्या सुताराला त्याने काय फरक पडतो?